मोहबोडीच्या मासोळ्यांना जीवनदान

चांदा जिल्ह्यात सर्वांत जास्त मांस कोणत्या गावात खाल्लं जातं, हे १९५७ सालच्या कार्तिकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. जीवदया व आहारसुधार मंडळानं विचारलं आणि उत्तर आलं: मोहबोडी. गडचिरोलीच्या रस्त्यावरून तीन कोस आत, ब्याण्णव घरं, एकतीस बकऱ्या. या गावात दर घरी आठवड्यातून चार वेळा मांसमासळी शिजते, अशी नोंद मंडळाच्या कागदावर झाली. बकऱ्यांचा आकडाही त्याच कागदावर, दोन ओळी खाली होता. दोन आकडे इतके जवळ बसूनही एकमेकांना खुपले नाहीत.

मंडळाचे चिटणीस गुणवंतराव नागपूरचे, निवृत्त मुख्याध्यापक. प्रामाणिक माणूस. आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं आणि तूप सोडलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष बाबुलालशेठ लाकडाचे ठेकेदार होते. मंडळाच्या जीपचं पेट्रोल तेच भरत. मोहबोडीच्या तलावावरची टेकडी त्यांनी दोन हंगामांत साफ केली होती. तिथली सांबरं आता कुठं राहतात, याची चौकशी मंडळानं हाती घेतली नव्हती. ती सांबरं कोणी खाल्ली नव्हती, नुसती बेघर झाली होती, आणि मंडळाचा विषय आहार हा होता.

दिवाळी सरल्यावर गुणवंतराव गावात आले. तलावाच्या पाळीवर चिंचेखाली सभा झाली. त्यांनी तीन मुद्दे मांडले. कमी मांस खाल्लं तर शरीर निरोगी राहतं, मुके जीव वाचतात आणि अरण्य टिकतं. गावकऱ्यांनी तिन्ही मुद्दे मान हलवून ऐकले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मांसाच्या अतिरेकानं रक्तदाब होतो, मूतखडा होतो, सांधे धरतात," गुणवंतराव म्हणाले.

पुढं बसलेल्या रंभाबाईनं विचारलं, "हे रोग कोनाले होते जी?"

"विशेषतः सुखवस्तू लोकांना."

"मंग पहिले आमाले सुखवस्तू करा. रोगाचं आमी पाहून घेऊ."

सभा हसली. गुणवंतरावही हसले, पण वहीत काहीतरी टिपून ठेवलं. रंभाबाई ही मुखरू ढिवराची आई. तिच्या हसण्याबोलण्यावर कोणाचा इलाज नव्हता, मुखरूचा तर नव्हताच.

मग योजना आली. सहा महिन्यांत जे गाव आपलं मांस निम्म्यावर आणेल, त्या गावाला मंडळ मानपत्र देईल. जे आणणार नाही, त्या गावाचा तलाव 'अभयसरोवर' होईल. अभयसरोवर म्हणजे जिथं मासोळी पकडायची नाही, जाळं न्यायचं नाही, गळ टाकायचा नाही. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यापासून तलाव सरकारचा होता आणि वरच्या साहेबांनी मंडळाला तसं संमतिपत्र दिलं होतं. गुणवंतरावांनी ते वाचून दाखवलं.

मुखरू पाळीच्या कडेला उभा होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला संथ. गावात ढिवरांची बारा घरं, आणि बारा घरांची पोटं या एका पाण्यावर. मोठी मासोळी बाजारात जायची, बारीक घरी शिजायची. वैशाखात तलाव आटत आला की ढिवर शेवटचं जाळं टाकत आणि गावातल्या प्रत्येक घरी मासोळीचा वाटा पोचवत. त्या बदल्यात मळणीच्या वेळी प्रत्येक खळ्यावर ढिवरासाठी धान बाजूला निघे. मुखरूच्या बापाच्या बापानंही हेच केलं होतं. तलाव अभय झाला की ढिवरांनी काय करायचं, हे साहेबांच्या पत्रात नव्हतं. मुखरूला मात्र माहीत होतं. रस्त्यावर गिट्टी फोडायची.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक रामाजी छापील तक्ते घेऊन बापूजींच्या ओसरीवर बसला. बापूजी गावचे सरपंच, वीस एकर धानाचे धनी, आणि बोलल्याशिवाय न राहणारे. निम्मं गाव भोवती जमलं.

"तुमच्याकडे मांस आठवड्यातून किती वेळा, बापूजी?"

बापूजींनी बोटं दुमडत मोजलं. "आखाडी. पोळ्याची कर. होळीची कर. मरिमायचा बकरा. अन् जवाई आला तं कोंबडा."

"जवाई कितीदा येतो?"

"कोंबडा मोठा झाला का येते. त्याले कसं समजते, देवाले ठाऊक."

"म्हणजे वर्षातून सहा-सात वेळा. हे वर्षाचं झालं, बापूजी. तक्त्यात रकाना आठवड्याचा आहे. आणि अपूर्णांक चालत नाही, खाली सूचना छापली आहे."

"मंग काय होते?"

"शून्य."

ओसरीवर समाधान पसरलं. शून्य म्हणजे गाव आधीच पुण्यवान. पण बापूजींच्या कपाळावर आठी आली. माणूस चौथी शिकलेला होता.

"रामाजी, शून्याचं अर्ध किती?"

"शून्यच."

"म्हंजे सहा महिन्यानं तुमी येसान, आमचा आकडा शून्यच राहीन, अन् कागदावर दिसंन का मोहबोडीनं काईच कमी नाई केलं. तलाव गेला!"

रामाजीनं डोकं खाजवलं. सूचनांमध्ये याचं उत्तर नव्हतं. निम्मं न करणाऱ्या गावाचा तलाव जाईल, एवढंच होतं.

"अर्ध कराले पहिले पुरं पाह्यजे," बापूजी म्हणाले. "चार लिहा. मंग सहा महिन्यानं दोन लिहू. अर्ध झालं, तलाव वाचला."

हिशोब सगळ्यांना पटला. रामाजीलाही पटला. ज्याच्या हद्दीत रोग मोठा, त्याच्या हद्दीत योजना मोठी, हे तो नोकरीच्या तीन वर्षांत शिकला होता. त्यानं घरोघर चार लिहायला सुरुवात केली. झिंगूबुवांच्या नावाशी त्याची लेखणी अडली. झिंगूबुवा माळकरी. तीस वर्षांत त्यांनी कांदासुद्धा शिवला नव्हता.

"गावाचं काम हाये," बापूजी म्हणाले.

झिंगूबुवांनी थोडा वेळ डोळे मिटले. गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला टांगली. "लिहा चार," ते म्हणाले. रामाजीनं लिहिलं. बुवांनी माळ परत घातली, विठ्ठल म्हणाले आणि घरी गेले.

मुखरू एवढंच बोलला, "खोटं लिहाचं तं थोडुसं लिहा जी. जाळं लय मोठं फेकलं का आपलाच पाय अटकते."

"तू मासोळी पाय," बापूजी म्हणाले. "कागद मी पायतो."

गुणवंतरावांनी कागद पाहिले आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही, असं त्यांनीच पुढं लिहिलं. ब्याण्णव घरं, आठवड्यातून चार वेळा! नागपूरच्या एका वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं. मथळा होता, 'अरण्याच्या कुशीतील मांसाहाराचे आगर'. पत्रात मोहबोडीच्या लोकांचे डोळे लालसर असल्याचंही निरीक्षण होतं. त्या आठवड्यात गावात डोळे आले होते, हे निरीक्षणाबाहेर राहिलं.

वर्तमानपत्र जंगल खात्याच्या एका कचेरीतही येत असे. तिथं कोणाला तरी गणित येत होतं. एकतीस बकऱ्यांत एवढं मांस भागत नाही. मग ते येतं कुठून? पौषात नाकेदार सायकल ढकलत गावात आला. घराघरांत वाकून त्यानं हांड्या उघडल्या, शिंगं आणि कातडी शोधली. हांड्यांत जवसाची चटणी, आंबाडीची भाजी आणि भाताची पेज सापडली. नाकेदारानं ते लिहून घेतलं आणि पुराव्याचा नाश असा शेरा मारला.

मग तो बापूजींच्या ओसरीवर येऊन बसला. "चितळं मारता ना? कोण मारतं, नाव सांगा. नाही तर सरपंचाचंच नाव लिहितो."

बापूजींपुढं दोन वाटा होत्या. आकडा खोटा आहे म्हणावं तर तलाव जाणार. खरा आहे म्हणावं तर चितळाचा खटला. त्यांनी पाणी मागवलं, सावकाश प्यायलं आणि तिसरी वाट काढली.

"चितळ कायचं जी? मासोळी हाये ते. पुरी मासोळी. आमचा मुखरू देते ना गावाले."

"चारही वेळा?"

"चारही वेळा. लय मेहनती मानूस हाये."

मासोळी जंगल खात्यात येत नाही. नाकेदार जबाब घेऊन गेला. जबाबाची नक्कल फिरत फिरत मंडळात पोचली आणि गुणवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोहबोडीचं सगळं मांस मासोळीचं. सगळी मासोळी तलावातली. म्हणजे तलाव बंद केला की निम्मंच काय, सगळंच बंद! सहा महिने थांबायची, लोकांची मनं वळवायची गरजच उरली नाही. एका दारावर कुलूप लावलं की गाव शाकाहारी. माघात पत्र आलं. येत्या वैशाखी पौर्णिमेला, मंडळाचे अध्यक्ष बाबुलालशेठ यांच्या शुभहस्ते, मोहबोडीचा तलाव अभयसरोवर म्हणून जाहीर होईल. तोवर जाळी तहकूब.

मुखरू ते पत्र घेऊन बापूजींकडं गेला. त्याला वाचता येत नव्हतं. रामाजीनं दोनदा वाचून दाखवलेलं त्याच्या ध्यानात होतं.

"तुमी माह्यं नाव सांगलं."

"चितळाच्या खटल्यात अर्ध गाव गेलं असतं, मुखरू."

"आता बारा घरं जातीन. तेवढीच कमी."

बापूजींनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. नेहमी बोलणारा माणूस गप्प बसला की गावाला कळतं. त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, आतून चहा पाठवला. मुखरूनं तो घेतला नाही.

घरी आल्यावर बायको कुंतानं विचारलं, "काय म्हन्ते बापूजी?"

"काई नाई म्हन्त."

"अन् तू?"

"मी म्हन्तो, वैशाखी पुनवेले तलावात पानी कुठी राह्यते?"

कुंतानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग मुखरूनं हे रामाजीला जाऊन सांगितलं. रामाजी म्हणाला, कार्यक्रम छापून झाला आहे, पाण्याचं बघता येईल.

पौर्णिमेला दहाच्या सुमारास जीप पाळीवर आली. गुणवंतराव उतरले, बाबुलालशेठ उतरले, आणि छायाचित्रकार उतरला. पाळीवर 'अभयसरोवर' असा फलक होता, आंब्याची तोरणं होती. सरोवर नव्हतं. अर्ध्या तलावाला भेगा पडल्या होत्या. मधल्या भागात गुडघाभर गढूळ पाणी होतं आणि त्यात मासोळ्यांच्या पाठी उघड्या दिसत होत्या. बगळे रांगेनं उभे होते, जणू निमंत्रित.

"पाणी कुठं गेलं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"धानाले गेलं जी," मुखरू म्हणाला. "बाकीचं उन्हानं पेलं. पहिले जेठापर्यंत राहे. टेकडी साफ झाली तवापासून गाळ उतरते अन् पानी थांबत नाई."

बाबुलालशेठ बगळे मोजू लागले.

"मग या जिवांचं काय होतं दरवर्षी?"

"दरसाल आमी पकडतो. औंदा बंदी होती. आठ दिवसांत सडतीन."

"सडतील?"

"वास येईन जी. पाच-सहा दिवस."

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर खरं दुःख उमटलं. ढोंग त्या माणसात नव्हतंच. असतं तर फलक उलटा करून ते परत गेले असते. त्यांनी फलकाकडं पाहिलं, तडफडणाऱ्या पाण्याकडं पाहिलं आणि निर्णय घेतला. "हे जीव आपण वैनगंगेत सोडू. सगळे. त्यांना जीवनदान देऊ."

"नदी चार कोस हाये जी."

"बैलगाड्या घ्या. हांडे घ्या. पाण्यात घालून न्या."

"पकडाचे कसे?"

गुणवंतराव थबकले. "जाळ्यानंच. पण मारण्यासाठी नव्हे. तारण्यासाठी."

"मंग कागद द्या जी," मुखरू म्हणाला. "माह्यावर जाळं तहकूब हाये. उद्या कोनी इचारलं तं?"

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून गुणवंतरावांनी आदेश लिहिला. मुखरू बाजूला उभा राहून एकेक गोष्ट विचारत गेला, आणि विचारलेली गोष्ट कागदात जात गेली. तलाव दरसाल आटतो, म्हणून हे काम दरसाल. ढिवरांखेरीज कोणाला जमत नाही, म्हणून ढिवरांनीच. दर वैशाखात, मंडळाला न विचारता.

"वाटेत काई मेले तं जी? रोहू लय नाजूक. उन्हात अर्ध्या कोसात जाते."

"त्याला कोण काय करणार? ते नैसर्गिक मरण. हिंसा नव्हे."

"त्याइचं काय कराचं?"

"पुरून टाका."

"कुठी?" रंभाबाईनं विचारलं.

"कुठंही, बाई. तुम्हाला सोयीचं असेल तिथं."

कागदात तसंच लिहिलं गेलं: मृत मासे ग्रामस्थांनी सोयीच्या जागी पुरावेत. रंभाबाईनं आपल्या पोटावरून हात फिरवला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

सगळं मनासारखं झालं होतं. पण अखेरची सही करताना गुणवंतरावांनी आणखी एक ओळ घातली आणि मोठ्यानं वाचली. "तलावातील यच्चयावत् जीव हलवण्यात यावेत. एकही मागे राहू नये."

मुखरूचा चेहरा उतरला. "तो खड्डा सोडून, जी."

"कोणता खड्डा?"

पाळीच्या पायथ्याशी, सावलीच्या अंगाला, एक खोलगट जागा होती. तलाव आटला तरी तिथं कंबरभर पाणी राही. शेवटची मरळ, शेवटची बारीक मासोळी तिथं गोळा होई. बियाचा खड्डा म्हणत त्याला. कितीही उपासमार असली तरी ढिवर तिथं जाळं टाकत नसे. तिथली मासोळी पावसाळ्यात पसरून साऱ्या तलावाची होई. मुखरूनं हे सगळं सांगितलं. इतकं एकदम तो वर्षात बोलला नव्हता.

गुणवंतरावांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे पुढच्या वर्षी मारण्यासाठी यांना यंदा राखून ठेवता?"

"होय जी."

"हे तर अधिकच क्रूर झालं, मुखरू! नाही. आधी तो खड्डा मोकळा करायचा. जेवणानंतर मी स्वतः उभा राहीन."

जेवण बापूजींकडं होतं. सुगंधाबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, तुपाची धार सढळ होती. जेवून गुणवंतराव आणि शेठ ओसरीवर आडवे झाले. गावात फक्त त्यांचं घोरणं आणि पाळीवरचे बगळे जागे होते.

मुखरू खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. "दरसालचा कागद भेटला," तो म्हणाला, "अन् साल राह्यलं नाई. बी गेलं का पुढच्या वैशाखात काय पकडू? बेंडक्या?"

कुंता उठली. ती पाळीवर चढली, दगडांत हिंडली आणि डोक्याएवढा एक गुळगुळीत गोटा पदरात घेऊन उतरली. घरी जाऊन शेंदूर आणि तेल आणलं. गोटा खड्ड्याच्या तोंडाशी बसवला, चोपडला. हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून पुढं ठेवल्या. रंभाबाईनं लिंबू आणलं आणि त्याला सुया टोचल्या.

"काऊन करून राह्यल्या तुमी हे?" मुखरू म्हणाला.

"तू सांगलं ते त्याइले पटलं का?" कुंतानं विचारलं. "मंग आता हिले सांगू दे."

दोनच्या सुमारास सगळे परत आले. पुढं गुणवंतराव, मागं शेठ, मागं बापूजी आणि गाव. गोट्यापाशी येऊन गुणवंतराव थांबले. चपला काढल्या.

"सकाळी हे दिसलं नाही."

"तुमी तिकडून पाहून राह्यले होते जी," रंभाबाई म्हणाली.

"कोणाचं स्थान?"

"जलमाय. हा खड्डा तिचा. इथी जाळं नाई टाकत."

गुणवंतराव बापूजींकडं वळले. "सरपंच, किती जुनं आहे हे?"

बापूजींनी तो गोटा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. त्यांनी मुखरूकडं पाहिलं. मुखरू त्यांच्याकडं पाहत नव्हता. तो पाण्याकडं पाहत होता, खड्ड्यात एक मरळ वर येऊन श्वास घेऊन खाली गेली तिथं. गाव बापूजींच्या तोंडाकडं पाहत होतं. पौषात त्या तोंडातून काय निघालं होतं, ते सगळ्यांना आठवत होतं.

"भोसल्याच्या राज्यापासून, जी," बापूजी म्हणाले. "माह्या आज्याचा आजा इथी नारळ फोडे. एका मानसानं जाळं टाकलं होतं. त्याच्या घरी दिवा लावाले कोनी नाई राह्यलं."

गुणवंतरावांनी वाकून दोन बोटं देवीला लावली. बोटं वर आली ती तांबडीलाल, तेलानं चमकत.

"शेंदूर ओला आहे," ते म्हणाले.

क्षणभर बगळेसुद्धा हलले नाहीत.

"जागृत हाये जी," रंभाबाई म्हणाली.

गुणवंतरावांनी तीच बोटं कपाळाला लावली. मग पेन काढून आदेशातली शेवटची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं: देवीचा डोह वगळून. मुखरूनं सकाळी सांगितलेलं कारण चुकीचं होतं. हे बरोबर होतं.

जाळी पडली. बारा घरांचे ढिवर चिखलात उतरले, हांडे भरले, सहा गाड्या नदीच्या दिशेनं निघाल्या. वैशाखाच्या उन्हात पहिला अर्धा कोस जाईस्तोवर रोहू नैसर्गिक मरण पावले. एक कोसावर बाकीचेही जवळजवळ सगळे गेले. जीप पुढं नदीवर जाऊन थांबली होती. तिथवर दोन मरळी जिवंत पोचल्या. त्या बाबुलालशेठच्या हातून पाण्यात सोडतानाचं छायाचित्र निघालं. पाच गाड्या वाटेतूनच परत फिरल्या. गावात आल्यावर आदेशाप्रमाणे मृत मासे ग्रामस्थांनी सोयीच्या जागी पुरले. त्या संध्याकाळी मोहबोडीत ब्याण्णवपैकी एक्क्याण्णव घरांतून मोहरीच्या तेलाचा वास आला. झिंगूबुवांनी आपला वाटा शेजारच्या लेकुरवाळीला दिला. तक्त्यात त्यांचे चार कायम होते.

जेठ लागताच रामाजी दुसऱ्यांदा तक्ते घेऊन आला. "किती लिहू?"

"मेलेलं धरतेत का?" बापूजींनी विचारलं.

रामाजीनं आदेश काढून पाहिला. "नैसर्गिक मरण. हिंसा नव्हे."

"मंग शून्य."

चारावरून शून्य. जिल्ह्यात असा बदल कुठंच झाला नव्हता. मंडळाच्या अहवालात मोहबोडीवर दोन पानं आली. गावात प्राचीन काळापासून अभयसरोवराची परंपरा होती, मंडळानं तिला फक्त उजाळा दिला, असं त्यात लिहिलं होतं. मरळींचं छायाचित्र होतं. अरण्यरक्षण या शीर्षकाखाली, मोहबोडीनं मांस सोडल्यानं आसपासच्या जंगलाला केवढा दिलासा मिळाला, त्याचं वर्णन होतं. ते पान छापून आलं त्या आठवड्यात शेठच्या माणसांनी तलावाच्या दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर झाडांना खुणा केल्या. देवीला ओटा बांधून द्यायची इच्छा शेठनी कळवली होती. तिला सावली सोसत नाही, असं रंभाबाईनं उलट कळवलं.

मानपत्र बापूजींच्या ओसरीवर लागलं. बापूजींनी मुखरूला बोलावून ते त्याला देऊ केलं होतं. मुखरू म्हणाला, तुमच्याकडंच राहू द्या. पण त्या दिवशी चहा त्यानं घेतला.

जेठातले शेवटचे दिवस मात्र कोणत्याच तक्त्यात आले नाहीत. बियाच्या खड्ड्यातलं पाणी कंबरेवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून घोट्यावर. असं पूर्वी होत नव्हतं. ढिवरांच्या बाया रोज सकाळी विहिरीवरून दोन-दोन घागरी आणून त्यात ओतत. पुढं बापूजींच्या घरच्या बायाही आणू लागल्या. मुखरू पाण्यात वीतभर काडी धरून बघे आणि मग वर, उघड्या टेकडीकडं बघे.

एके सकाळी कुंतानं घागर रिकामी केली, गोट्यावर उरलेल्या पाण्याची धार धरली आणि हात जोडून डोळे मिटले. बराच वेळ मिटले.

"तूच त मांडली तिले," मुखरू म्हणाला. "गोटा हाये तो."

"मांडली तवा गोटा होता," कुंता म्हणाली. "आता पानी येईपर्यंत देवी हाये."

तिनं घागर कमरेवर घेतली आणि दुसऱ्या खेपेला विहिरीकडं निघाली. मुखरूनं इकडं तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानंही हात जोडले.